भिंतीवरची सरासरी

आमच्या क्लबच्या खोलीत नवा फलक लागलाय. त्यावर जुन्या फलंदाजांची नावं आहेत आणि प्रत्येकाची सरासरी. काल आमचा जुना सलामीवीर बापू त्याच्यासमोर उभा होता. यादी वाचत तो खाली खाली गेला, अगदी शेवटी स्वतःचं नाव सापडलं, तेव्हा म्हणाला, "बरोबर आहे. मी बाद पुष्कळदा झालोय."

हिशेब चुकलेला नाहीच. एकूण धावांना किती वेळा बाद झाला त्याने भागायचं. नाबाद राहणारा त्यात आपोआप वर चढतो. पण आमच्याकडे एक रीत होती. सामना हातात आला की जम बसलेल्या फलंदाजाने बाहेर यायचं, म्हणजे सकाळपासून पॅड बांधून बसलेल्यांना खेळायला मिळेल. बहुतेक जण तिकडे काणाडोळा करायचे. बापू मात्र मिडऑनला सोपा झेल द्यायचा आणि हातमोजे काढत परत यायचा. वहीत झेलबाद लिहिलं जायचं. का बाद झाला, हे लिहायला वहीत जागा नसते.

"तुझं कुठेय रे?" बापूने विचारलं.

मी बोट दाखवलं. वरून तिसरं.

"वा," तो म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं.

बापू परत आला की बहुतेक वेळा मीच आत जायचो. गोलंदाज दमलेले असायचे, सामना जिंकल्यातच जमा असायचा. थोड्या वेळाने मी नाबाद परत यायचो.