फाइल न पाहिलेली दोन माणसं

उषाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जर्मनीतल्या इंगोलश्टाट स्टेशनबाहेर गाडीत बसलो होतो. त्याला आता महिना होऊन गेला. आमच्या मराठी मंडळात त्यांची ओळख म्हणजे औषधांच्या दुकानात उभी हयात घालवलेल्या आणि दरवर्षी दुसऱ्यांच्या मोदकांना नावं ठेवणाऱ्या बाई. मला मात्र त्या आठवतात त्या माझ्या खटल्यातल्या…

२०१४चा हिवाळा. संध्याकाळी कामावरून परतताना एक वृद्ध सायकलस्वार बिनदिव्याचे माझ्या गाडीसमोर आले. ब्रेक दाबला, तरी धडक बसली. दुसऱ्या दिवशी मी फळं घेऊन हॉस्पिटलात गेलो, आपल्याकडे जातात तसा. त्यांच्या मुलीला म्हणालो, “माफ करा, माझ्यामुळे झालं.” पुढे ते वारले, आणि माझं ते वाक्य आरोपपत्रात आलं. निष्काळजीपणामुळे मृत्यू. तुरुंग झाला असता तर नोकरी आणि इथे राहण्याचा परवाना, दोन्ही जाण्याची भीती होती. मला आणि मेधाला, माझ्या बायकोला, घास गिळवत नव्हता.

मी इंजिनिअर. ब्रेकिंगचं अंतर, प्रतिक्रियेचा वेळ, ओला रस्ता असे सगळे हिशेब करून उषाताईंकडे गेलो. त्या पूर्वी ‘श्योफिन’ होत्या, म्हणजे न्यायाधीशाशेजारी बसून निकालात मत देणाऱ्या दोन साध्या नागरिकांपैकी एक. त्यांनी माझे कागद पालथे ठेवले.

“आल्झो, बरं, कोण वाचणार हे?”

“कोर्ट.”

“अरे, त्या दोघांना फाइल दाखवतच नाहीत. ते फक्त ऐकतात आणि बघतात. तिघांपैकी दोघांना तू दोषी वाटलास की संपलं.”

“पण आकडे बरोबर आहेत, ताई.”

“असतील ना! ते तज्ज्ञ सांगेल. तू फळं घेऊन का गेलास, ते सांग.”

मग त्यांच्या स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. मोठ्यांसमोर मान खाली घालायची माझी सवय; त्यात घाबरलो की हसू येतं. “दात काढतोस आणि म्हणे वाईट वाटलं! वर बघ. आपल्याकडे ते मान देणं, इथे चोर वाटशील.” मेधा कित्येक दिवसांनी हसली ती तेव्हा. वकिलांचा सल्ला गप्प बसण्याचा होता. उषाताईंनी त्यांच्याशीही वाद घातला.

कोर्टात तज्ज्ञाने सांगितलं की वेगमर्यादा मोडल्याचं सिद्ध होत नाही. सरकारी वकिलाने माझं हॉस्पिटलातलं वाक्य दोनदा वाचलं. शेवटचं बोलणं आरोपीचं असतं. काळ्या झग्यातल्या न्यायाधीशांच्या दोन बाजूंना एक स्वेटर घातलेल्या बाई, एक टकले गृहस्थ. त्यांच्याकडे बघून म्हणालो, “आम्ही जखमी माणसाला भेटायला जातो. चूक कुणाची, हे विचारून जात नाही. उद्या असं झालं तरी मी जाईन.”

मी निर्दोष सुटलो. बाहेर उषाताईंच्या पाया पडायला वाकलो, तर त्या मागे सरकल्या.

“ताई, तुमच्यामुळे सुटलो.”

“तसं म्हणू नकोस रे. त्याचीच तर भीती वाटते.” मग कोटाची बटणं लावत म्हणाल्या, “श्योफिन असताना माझ्यासमोर एकदा एक माणूस होता. पूर्ण वेळ जमिनीकडे बघत होता. बंद दाराआड आमचं काय बोलणं झालं ते कायद्याने सांगता येत नाही. पण त्याला कुणी शिकवलं नव्हतं.”

पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मी मात्र तो हिशेब अजून करतो. तोच रस्ता, तेच आकडे, आणि शेजारी उषाताई नाहीत… उत्तर दरवेळी तुरुंग येतं.

गेल्या रविवारी शेजाऱ्यांच्या गाडीवर ओरखडा उठला. आमची मुलगी तिथे खेळत होती, असं ते म्हणाले. ती दारात मान खाली घालून, नखं कुरतडत, जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटत उभी होती. हिनेच केलं, अशी माझी खात्रीच झाली. ओरडायला तोंड उघडलं आणि उषाताईंचा तो जमिनीकडे बघणारा माणूस आठवला. मी तिच्यासमोर फरशीवर बसलो, म्हणजे तिने खाली बघितलं तरी तिला मीच दिसावा.