येडशीच्या चढावरची जीप

निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा मी येडशीच्या जंगलात सरकारी जीप चालवायचो. रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी, तीही ओढ्यात जाऊन संपायची. पुढं नुसते दगड, खैर-बाभळी आणि चढ. अशा ठिकाणी गाडी नेणारा म्हणून माझं नाव झालं होतं, पण खरं काम जंगलाच्या राख्याचं होतं. तो अनवाणी पुढं चालायचा, काठीनं माती टोचून बघायचा आणि ओरडायचा, "डावं घ्या, ड्रायव्हरसाहेब. उजवीकडं पोकळ हाय."

एकदा जंगलखात्याच्या आमच्या साहेबांकडं पाहुणे आले. त्यांना माथ्यावरून दरी दाखवायची होती. पावसानं चढ निसरडा झालेला. राखा म्हणाला, "साहेब, आज गाडी नको. चालत जाऊ, लई लांब न्हाय."

साहेब हसले. मला म्हणाले, "घाल गाडी."

मी घातली. नको म्हणायची हिंमत नव्हती, आणि पाहुण्यांपुढं कसब दाखवायची खुमखुमीही होती.

अर्ध्या चढावर चाकं जागच्या जागी फिरू लागली आणि जीप मागं घसरली. ब्रेक धरेना. राख्यानं मागं धावत जाऊन धोंडा उचलून मागच्या चाकाखाली रेटला. गाडी थांबली. त्याचं पाऊल मात्र चाकाखाली सापडलं.

दवाखान्यात मीच त्याला नेलं. वाटेत तो एवढंच विचारत होता, "पावण्यांना लागलं न्हाय ना?"

पाऊल कापावं लागलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी कागद पुढं केला. राखा दारू पिऊन गाडीच्या मागं आला, असं त्यात लिहिलं होतं.

"साहेब, त्यानं तर आपल्याला वाचवलं."

"तुझी नोकरी ठेवायची की त्याची, ते तू ठरव."

मी सही केली. त्याची नोकरी गेली.

महिन्यानं मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात बसला होता.

"तुमची साक्ष मला वाचून दावली," तो म्हणाला. "म्या माळकरी हाय. तुमाला ठावं व्हतं ना?"

"व्हय," मी म्हणालो.

त्याची बायको माझ्यासाठी पाणी घेऊन येत होती. त्यानं हात करून तिला परत पाठवलं. मी उठलो.

साहेबांना बढती मिळाली. मी निवृत्तीपर्यंत जीप चालवली. निरोपाच्या सभेत सांगितलं गेलं, की इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही अपघात झाला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गळ्यात हार घालून सगळ्यांना हात जोडले.