भिंतीवरची वाघीण

धुलाई कारखान्यात शिरलं की समोरच तिचा फोटो दिसायचा. उजवी बाही कोपराशी दुमडलेली, डाव्या हातावर चादरींची चळत आणि खाली ठळक अक्षरांत ‘आमची प्रेरणा’. साहेबांनी हसायला सांगितलं, म्हणून ती फोटोत हसली होती. फोटो लागला आणि लोक तिला वाघीण म्हणायला लागले. तेच नाव पडलं.

तसं तिच्यात वाघासारखं काहीच नव्हतं. झुरळ दिसलं तरी ती खुर्चीवर चढायची. इस्पितळांच्या नि हॉटेलांच्या चादरी गरम रोलरमधून काढायच्या आणि घड्या घालायच्या, यात तिची निम्मी हयात गेली होती. एकदा अडकलेला कोपरा सोडवायला गेली, तर रोलरनं चादरीबरोबर हातही आत ओढला. कोपराखाली काही उरलं नाही.

घरी नवरा तिला तळहाताच्या फोडासारखं जपू लागला. तो घड्याळं दुरुस्त करायचा. सकाळी दुकान उघडायचं सोडून तिची वेणी घालत बसायचा, घास भरवायचा आणि भरवता भरवता स्वतःच डोळे पुसायचा.

“अहो, रडायचं मी की तुम्ही, ते एकदा ठरवा,” ती वैतागून म्हणायची.

तिला घर नकोसं झालं. जखम पुरती सुकली नव्हती, तरी ती कामावर हजर झाली. साहेबांना केवढं कौतुक वाटलं! सत्कार झाला, फोटो लागला. आणि त्यानंतर कुणी सुट्टी मागितली की मुकादम तोंडानं काही बोलायचा नाही. नुसतं भिंतीकडे बोट करायचा.

तिच्या शेजारच्या टेबलावर बडबडी होती. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, म्हणून बडबडी. वाघीण इस्पितळात होती तेव्हा हीच रोज डबा घेऊन जायची. त्या बडबडीचा खांदा दुखायला लागला. तिनं मुकादमाकडे थोडे दिवस हलकं काम मागितलं.

“वाघिणीला एका हातानं जमतंय,” मुकादम म्हणाला, “तुला दोन असून जमेना?”

सगळे हसले. सवयीनं वाघीणही हसली.

बडबडी त्या दिवसापासून गप्प झाली आणि काम रेटत राहिली. पुढच्याच आठवड्यात ओल्या चादरींचं गाठोडं उचलताना तिचा खांदा निखळला. ती गाठोड्यावरच कोसळली. तिला रिक्षात घालून नेलं, ती पुन्हा आलीच नाही.

अशात कारखान्याचा वार्षिक मेळावा आला. ‘माझी प्रेरणा’ या विषयावर वाघिणीनं चार शब्द बोलावेत, असा निरोप आला. तिनं कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला गाठलं.

“प्रेरणा म्हणजे नक्की काय गं?”

“काहीतरी कर, असं आतून कुणी ढकलावं, तसं.”

“आणि स्फूर्ती?”

“ती एकदम येते. कवींना वगैरे.”

“मग ती आपल्या गल्लीत यायची नाही. अजून सांग.”

“हुरूप म्हणजे उत्साह चढणं. उमेद म्हणजे पुढं बरं होईल असं वाटणं. उत्तेजन दुसरा देतो. चिथावणीही दुसराच देतो, पण वाईट कामाला.”

“आणि एकीला दाखवून दुसरीला राबवायचं, त्याला काय म्हणतात?”

लेकीनं बराच विचार केला. “नाही गं सुचत, आई.”

आईला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मेळाव्यात ती माइकसमोर उभी राहिली. “मला प्रेरणा-बिरणा काही नव्हती,” ती म्हणाली. “घरी जीव गुदमरत होता, म्हणून आले. जो हात नाही, तोसुद्धा अजून ठणकतो. माझा फोटो दाखवून कुणाला राबवू नका. बडबडीला सुट्टी द्यायला हवी होती.”

मग साहेब उठले. “पाहिलंत? एवढं सोसून कसला गर्व नाही! हीच खरी प्रेरणा.” टाळ्यांचा कडकडाट झाला. तिला वाटलं, आपण बोललोच नाही.

सभागृहातून ती तडक बडबडीच्या घरी गेली. हात गळ्यात बांधलेला, अशा अवस्थेत बडबडीनं दार उघडलं.

“भिंतीवरचा फोटो उतरवला?”

“नाही.”

“मग कशाला आलीस?”

“त्या दिवशी मी हसले. ते बोलायला आले.”

“दिसलं होतं मला,” बडबडी म्हणाली. दार तिनं लावलं नाही, पण ‘आत ये’ असंही म्हणाली नाही. वाघीण थोडा वेळ उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि परत फिरली.

पुढे मुकादमानं पुन्हा एकदा भिंतीकडे बोट केलं, तेव्हा ती सगळ्यांदेखत ओरडली, “ते बोट आधी खाली घे!” ज्या पोरीला सुट्टी हवी होती, तिला ती मिळाली. वाघिणीची बदली मळक्या कपड्यांच्या खोलीत झाली. तिथं रक्ताच्या नि औषधांच्या वासात ती इस्पितळाच्या चादरी निवडते. फोटो तसाच आहे. नवीन आलेल्यांना तो अजूनही दाखवतात.

सुट्टीच्या दिवशी ती बडबडीकडे जाते. कधी दार उघडतं. कधी उघडत नाही.