खिंडीच्या अलीकडून परत आणणाऱ्या नलिनीताई

डॉ. नलिनीताई वर्तक यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सुरतेतल्या भेस्तानच्या रंगांच्या कारखान्यात. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आणि मी नव्यानं लागलेला सहायक. धुळ्याकडून बी.एस्सी. होऊन आलो होतो, त्यामुळे रसायनशास्त्र आपल्याला येतं असा माझा समज होता. तो समज पहिल्या सकाळीच उतरला. मी घाईघाईनं तराजूवर भुकटी ठेवली आणि वजन लिहिलं. ताईंनी भुकटी काढायला लावली. रिकाम्या तराजूचा काटा शून्याच्या दोन घरं पुढे होता!

"पाटील, आल्या आल्या आधी काटा जागेवर आणायचा. मग चहा, मग गप्पा, मग काम," त्या म्हणाल्या. त्यानंतरची बारा वर्षं मी सकाळी देवाला हात जोडायला चुकलो असेन, पण काटा जागेवर आणायला चुकलो नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे याच सवयीनं माझा घात केला.

ताईंचं काम काटेकोर होतं. धुलाईत रंग जाणार असेल तर त्या कागदावर तसं लिहीत, मग मालक कितीही तोंड वाकडं करोत. पण माणसांशी वागताना हा कडकपणा कुठे जाई कोण जाणे. माझ्या पत्नीच्या बाळंतपणात त्या आठवडाभर माझ्या वाट्याची काचेची भांडी स्वतः धूत होत्या आणि मला ते शिपायाकडून कळलं.

पन्नाशी ओलांडल्यावर ताईंनी रजा काढून डोंगर चढण्याचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन राजीनामाच दिला. सुरतेच्या आपल्या मराठी मंडळींत तेव्हा काय काय बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. "बाईंच्या डोक्यात रंग गेला" हे त्यातलं सर्वांत सौम्य. मीही तेव्हा मान डोलावली होती, खोटं कशाला बोलू?

पुढच्या दोन-तीन वर्षांत मात्र त्यांनी शिक्षिका, बँकेतली माणसं, गोडादऱ्याचे लूम कामगार अशा सगळ्यांना डांगच्या जंगलात चालायला लावलं. हिमालयाच्या मोहिमेआधी तयारी म्हणून डिंडोलीत आमच्या सोसायटीच्या बायका पाठीवर दहा-दहा किलो गहू घेऊन जिने चढत. खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकींना राहवलं नाही. "अरे बेन, घंटी तो नीचे छे!" त्या ओरडल्या. पिठाची गिरणी तर खाली, मग दळण घेऊन या वर कुठे निघाल्या, हे त्यांना कळेना.

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ताईंनी हिमाचलातली एक खिंड ओलांडायची मोहीम काढली. अकरा जण होतो. त्यात माझी कॉलेजात जाणारी मुलगी सुनंदा होती आणि ताईंचा मदतनीस म्हणून मी. स्टेशनवर पत्नी एवढंच म्हणाली, "दोन्हीजण जाई ऱ्हायनात, दोन्हीजण परत या, बस."

औषधांची पेटी आणि उंची मोजायचं घड्याळासारखं यंत्र माझ्या ताब्यात होतं. खिंडीखालच्या शेवटच्या मुक्कामी ताईंनी त्याचा काटा त्या जागेच्या उंचीवर लावला. पहाटे उठून पाहतो तर काटा ऐंशी मीटर वर! तंबू तर जागचा हलला नव्हता. म्हटलं, थंडीनं यंत्र बिघडलं असेल. मी चकती फिरवून काटा मुकाट्यानं जागेवर आणला. ताईंनी विचारलं, "पाटील, काटा कुठे आहे?" मी म्हणालो, "जागच्या जागी, ताई."

यातली गोम मला नंतर कळली. ते यंत्र उंची मोजतं ते हवेच्या दाबावरून. माणूस जागेवर आणि काटा वर, म्हणजे दाब उतरलाय, वादळ येतंय. यंत्र धोक्याची सूचना देत होतं आणि मी प्रयोगशाळेतल्या शिस्तीनं ती पुसून टाकली.

तीन तास चढल्यावर मेंढपाळांच्या एका दगडी आडोशापाशी आम्ही थांबलो. त्या जागेची उंची ताईंना ठाऊक होती. त्यांनी यंत्र पाहिलं, तर काटा त्या उंचीच्याही बराच वर; मग आकाश पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"सकाळी काट्याला हात लावला होता?"

"हो, जरा सरकला होता. नीट केला."

 ताई सर्वांकडे वळून म्हणाल्या, "परत फिरायचं. आत्ता."

खिंड तासाभरावर दिसत होती. बँकेतले एक गृहस्थ तर चिडलेच. "अहो, ऊन पडलंय! सुरतेहून इथवर काय परत जायला आलो?" ताई म्हणाल्या, "भांडण खाली जाऊन करू." त्यांनी मला सर्वांच्या पुढे घातलं आणि स्वतः शेवटी राहिल्या. अर्ध्या उतारावर हिमवादळानं आम्हाला गाठलं. पुढच्याची पाठ दिसेना. मुक्कामाला पोचून मी माणसं मोजली. नऊ. सुनंदा नव्हती, ताई नव्हत्या.

पुढचा पाऊण तास मी कसा काढला ते विचारू नका. पत्नीला काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवू लागलो होतो. मग पांढऱ्यातून दोन आकृत्या आल्या. सुनंदाचा एक हातमोजा वाऱ्यानं नेला होता आणि तिचा तो हात ताईंनी स्वतःच्या कोटात, काखेत धरला होता. "अप्पा, मना हात दखा ना, बोटं मनी नहीत अशी वाटतस," ती म्हणाली. मी रडलो, सगळ्यांसमोर, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. दोन नखं गेली, बोटं वाचली.

सुरतेला आल्यावर आमच्या मराठी मंडळात बैठक झाली. बाईंना हवामानच कळत नाही, पोरीचा हात गेला असता, असं बरंच बोलणं झालं. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी." आणखी एक अक्षर नाही. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि मान खाली घालून बसून राहिलो. पुढच्या वर्षीच्या मोहिमेला फक्त तिघांनी नावं दिली. मोहीम निघाली नाही. पुन्हा लोकांचा विश्वास बसायला दोन वर्षं गेली.

या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच. ज्या मंडळींनी त्या बैठकीत ताईंना बोल लावला, त्यांनी कृपया तो माझ्या नावावर घ्यावा. हे लिहिताना छातीवरून गव्हाचं पोतं उतरल्यासारखं वाटतंय.

छापायला देण्याआधी लेख ताईंना वाचून दाखवणं भाग होतं. म्हटलं, "ताई, तुम्ही चार वर्षं मला पाठीशी घातलंत." त्यांनी चष्मा काढला. "पाठीशी कोण घालतंय? पाटील, तुम्हाला काटा जागेवर आणायला मीच शिकवलं. आणि हा काटा जागेवर आणायचा नसतो, एवढं सांगायला मीच विसरले. मी बैठकीत खरं तेच बोलले. मला वाटत होतं, सुनंदाच्या हातासाठी तुम्ही मला मनातून कधीच माफ केलं नाहीत, म्हणून माझ्या घरी येत नाही."

मी तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून जात नव्हतो आणि त्या मी रागावलोय असं धरून बसल्या होत्या! दोघं शहाणे, एकाच शहरात, चार वर्षं. मग आम्ही खूप हसलो आणि सुनंदाच्या सासरी फोन लावून तिलाही सगळं सांगितलं.

ताईंनी साठी पूर्ण केली आहे. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, दम टिको आणि पंचाहत्तरीच्या ग्रंथातही त्यांच्या नव्या वाटांबद्दल लिहिण्याचं भाग्य आम्हाला लाभो. येत्या उन्हाळ्यात त्या तीच खिंड ओलांडणार आहेत. सुनंदानं नाव दिलंय, मीही दिलंय. यंत्र कुणाच्या हाती द्यायचं, असं मी विचारलं, तर ताई म्हणाल्या, "तुमच्याच. तुमच्याइतकं त्याला आता कोण ओळखतं?"