प्रमिलाबाईंनी रंगवलेले ब्रेक

सुरतेच्या उधना भागातल्या त्या गल्लीत टिकल्या चिकटवण्याचं काम घरोघरी चालायचं. रिंगरोडच्या बाजारातून साड्यांचे गठ्ठे यायचे आणि दुपारची जेवणं उरकली की बायका ओट्यावर ते उघडून बसायच्या. पण बारीक नक्षीची साडी असली की व्यापाऱ्याचा माणूस ती प्रमिलाबाईंच्याच हाती द्यायचा. त्यांचं बोलणं चालू असे, चुलीवरच्या डाळीकडे लक्ष असे आणि तरी काडीच्या टोकावरचा डिंक नेमका हवा तिथंच पडे. साडीला कुठं डाग म्हणून नाही.

हसतमुख, कामाला वाघ असलेल्या ह्या बाईला एकाच गोष्टीची धास्ती होती. घाटातून जीप किंवा मोटार म्हटली की तिचा चेहरा उतरायचा. लेक सोनाली अंगावर पिणारी होती तेव्हाची गोष्ट. कुणाच्या तरी लग्नाहून जीपने परत येताना कोंडाईबारीच्या घाटात ब्रेक लागेनासे झाले. ड्रायव्हर हुशार, त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि ती थांबली. खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही. बाकीची माणसं महिन्याभरात विसरली. प्रमिलाबाई विसरल्या नाहीत. माहेर साक्रीजवळचं, म्हणजे घाट ओलांडल्यावाचून सरळ वाट नाही. पण त्या रेल्वेने दोंडाईच्याला जात आणि तिथून एसटीने उलट्या वाटेने माहेर गाठत. प्लेगच्या वर्षी अर्धं सुरत मिळेल त्या वाहनाने गावाकडं पळत होतं. गल्लीतल्या लोकांनी ट्रक ठरवला, त्यात यांना जागाही धरली. प्रमिलाबाई लेकीचा हात धरून दिवसभर उधना स्टेशनवर गर्दीत उभ्या राहिल्या, पण ट्रकमध्ये चढल्या नाहीत.

त्यांचे यजमान हिलालभाऊ पेशानं ड्रायव्हर. मगनशेठ नावाच्या साडीवाल्याची गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. शेठने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी पांढरी मारुती, कुणा तिऱ्हाईताला विकण्यापेक्षा तू घे, असं म्हणून हिलालभाऊंनाच दिली. हिलालभाऊंना आभाळ ठेंगणं झालं. गल्लीतली पहिली मोटार ती. त्यांनी तिला हार घातला, नारळ फोडला, गल्लीतल्या सगळ्यांना डुमसच्या चौपाटीवर फिरवून आणलं. प्रमिलाबाईही गेल्या, शहरात त्या बसत, रस्ता सपाट असतो ना. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मात्र त्या पुन्हा रेल्वेनेच माहेरी गेल्या आणि हिलालभाऊ एकटे गाडी घेऊन घाटातून. सासऱ्याच्या अंगणात गाडी उभी केली तेव्हा कुणीतरी विचारलं, बाई कुठं आहे? हिलालभाऊंनी काहीतरी उत्तर दिलं, पण तो प्रश्न त्यांच्या मनाला लागला. बायकोला मात्र ते कधी बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी होळी झाली आणि एका सुटीच्या सकाळी हिलालभाऊंनी गाडीचं पुढचं चाक काढलं. शेठच्या भाच्याच्या गाडीला त्यांनी लाल रंगाचे कॅलिपर पाहिले होते. ब्रेकची चकती दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी धरतो, तो कॅलिपर. आपल्या मारुतीचे गंजून काळे-तांबडे झालेले, ते त्यांच्या डोळ्यात सलत होते. साधा ऑइलपेंट तिथं टिकत नाही, ब्रेक तापले की करपतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून कामरेजच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानातून, इंजिनाला लावतात तो उष्णता सोसणारा लाल रंग त्यांनी मुद्दाम आणला होता.

शेजारचा भिकन रिक्षावाला दात घासत बघत उभा होता. मारुतीच्या पत्र्याच्या चाकाआड हा रंग कोण बघणार, असं त्याने विचारलं. मी बघणार, असं हिलालभाऊ म्हणाले आणि तारेच्या ब्रशने गंज घासू लागले.

गंज निघाला, मग कॅलिपर साबणाच्या पाण्याने धुतला, थिनरच्या फडक्याने पुसला. चकतीवर आणि रबरावर रंग जाऊ नये म्हणून त्यांनी वर्तमानपत्र गुंडाळून चिकटपट्टी लावली. इथवर सगळं ठीक. ब्रश हातात घेतल्यावर मात्र पंचाईत झाली. स्टिअरिंग धरलेला हात, त्याला बारीक काम माहीत नाही. रंग ओघळला, कोपऱ्यात साचला, एक थेंब रबराच्या टोपणावर गेला.

प्रमिलाबाई ओट्यावर साडी घेऊन बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी सहन केलं. मग साडी घडी करून आत ठेवली, पदर खोचला आणि येऊन नवऱ्याशेजारी उकिडव्या बसल्या.

“काय करी ऱ्हायनात तुम्ही? आना तो ब्रश आठे,” त्या म्हणाल्या.

हिलालभाऊंनी ब्रश दिला. प्रमिलाबाईंनी आधी ओघळ पुसले, रबरावरचा थेंब थिनरच्या चिंधीने हलकेच टिपला. मग ब्रश डब्याच्या काठावर निथळून घेतला आणि पातळ हात दिला. तो वाळू दिला, पुन्हा दुसरा. खाचाखोचांत ब्रश जाईना तेव्हा टिकल्यांची काडी आणून तिच्या टोकाने रंग भरला. भिकन तोंड धुवायचं विसरून बघत राहिला.

दुसऱ्या बाजूचं चाक निघालं तेव्हा मात्र प्रमिलाबाईंनी ब्रश हातात घेतला नाही. कागद गुंडाळायच्या आधी त्या उघड्या चकतीकडे बघत बसल्या. हाताने ती फिरवून पाहिली. ती सहज फिरली.

“हाई इतलीशी चकती गाडी धरी ठेवस?” त्यांनी विचारलं.

हिलालभाऊ सांगायला लागले आणि मग थांबले. सांगण्यापेक्षा दाखवावं, असं त्यांना वाटलं. जॅकखाली फळी आणि बाजूला विटांचा आधार नीट आहे हे त्यांनी पुन्हा तपासलं, गिअर काढलेला आहे हे पाहिलं आणि आत जाऊन बसले. तू फिरवत राहा, मी पाय दाबतो, एवढंच म्हणाले.

प्रमिलाबाई चकती फिरवू लागल्या आणि फिरता फिरता ती जागच्या जागी थांबली. त्यांनी जोर लावला. दोन्ही हातांनी लावला. टिकल्या चिकटवणारे असले तरी ते हात पाण्याच्या घागरी उचललेले होते, पण चकती तसूभर हलली नाही. हिलालभाऊंनी पाय काढला, ती पुन्हा सुटली. असं प्रमिलाबाईंनी कितीदा तरी करायला लावलं. भिकनची बायको येऊन बघून गेली, तिला वाटलं काही बिघडलं आहे.

मग प्रमिलाबाई तिथंच जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि जीपबद्दल बोलल्या. ती हकिकत हिलालभाऊंना माहीत होती. पण ते त्या दिवशी बरोबर नव्हते. ड्रायव्हर पाय आपटत होता, त्याचा आवाज अजून कानात येतो, हे त्या पहिल्यांदा सांगत होत्या. सोनालीला खिडकीबाहेर गवतात टाकून द्यावं का, असं क्षणभर मनात आलं होतं, हेही त्यांनी सांगितलं.

“त्या जीपनं हाई कोनी उघडीसन दखं व्हतं का?” शेवटी त्यांनी विचारलं.

“नसीन दखं,” हिलालभाऊ म्हणाले. “तेल नसीन, पट्ट्या झिजेल व्हतीन. कोनी दखतच नही.”

प्रमिलाबाईंनी मान हलवली, पदराने कपाळ पुसलं आणि वर्तमानपत्र मागितलं. दुसरा कॅलिपर पहिल्याहून देखणा झाला. रंग वाळेपर्यंत त्यांनी गल्लीतल्या मुलांना जवळ फिरकू दिलं नाही. चाकं बसवायच्या आधी त्या म्हणाल्या, चकतीला दाबून धरणाऱ्या त्या पट्ट्या किती उरल्या ते मला दाखवा. हिलालभाऊंनी दाखवल्या. ब्रेकच्या तेलाची बाटलीही दाखवली. नवऱ्याच्या कामात त्यांनी एवढी चौकशी आजवर केली नव्हती आणि सांगताना हिलालभाऊंनाही इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे मायलेकी गाडीत बसल्या. सोनाली मागे, प्रमिलाबाई पुढे. बारडोली, व्यारा, नवापूर मागे पडलं. घाट लागला तसं त्यांनी खिडकीवरचं हँडल मुठीत घट्ट धरलं आणि पुढच्या वळणाकडे नजर लावली. उतारावर हिलालभाऊ गिअर खाली घेत, वळणावळणाला ब्रेक जरासा दाबत आणि गाडी समजूतदारपणे हळू होत होती. मधल्या एका वळणावर प्रमिलाबाईंची मूठ सैल झाली. त्यांनी मागे वळून सोनालीला पळसाची झाडं दाखवली आणि आपण लहानपणी त्याच्या पानांच्या पत्रावळी कशा लावायचो, ते सांगायला लागल्या. घाट कधी संपला ते बोलण्याच्या नादात कळलंही नाही.

माहेरी दारातच भावजयीने त्यांना खाली उतरताना पाहिलं आणि आत धावत जाऊन सगळ्यांना बोलावलं. त्या दिवशी सांजोऱ्या, आमरस, कडुलिंबाच्या झाडाला बांधलेला झोका, सगळं दरवर्षीसारखंच होतं. फरक इतकाच, की दोंडाईच्याच्या गाडीची वेळ गाठायची घाई नव्हती. प्रमिलाबाई दोन दिवस जास्त राहिल्या आणि निघताना भावाने दिलेली आंब्यांची पाटी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या.