तक्रार क्रमांक सत्तावीस
टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात तेहतीस वर्षं काढून शोशानाबाई आवासकर निवृत्त झाल्या आणि पनवेलच्या घरात त्यांच्याकडे तक्रार घेऊन येणारं कुणी उरलं नाही. भाचा ताल इस्रायलला जाताना त्यांच्या फोनवर किल्ले लढवायचा ऑनलाइन गेम टाकून गेला. "मावशी, वेळ जाईल," म्हणाला. वेळ गेलाच, शिवाय दीड वर्षात बाई पन्नास जणांच्या टोळीच्या मॉडरेटर झाल्या. कारण एवढंच, की चॅटमधला प्रत्येक मेसेज शेवटपर्यंत वाचणारं टोळीत दुसरं कुणी नव्हतं.

टोळीत 'रुद्रखड्ग' नावाचा एक गडी होता. खरं नाव अविनाश, राहणार गव्हाण, वय बेचाळीस, उलव्यात फ्लॅट दाखवायचा धंदा. एकदा टोळी सपाटून हरली आणि त्याला कारण सापडलं, ओवे गावचा नसीम. 'हे लोक फितूरच असतात. सगळ्यांना हाकला,' त्याने लिहिलं. अकरा जणांनी अंगठे दिले.

शोशानाबाईंनी चष्मा पुसला आणि लिहिलं, 'आपली तक्रार नोंदवली आहे. क्रमांक सत्तावीस. फितुरीची वेळ आणि दरवाजा कळवावा.'

'मॅडम, सगळ्यांना माहीत हाय.'

'सगळ्यांची नावं कळवावीत.'

नावं आली नाहीत. मग बाईंनीच गेममधली नोंद काढून चॅटवर टाकली. नसीमने उत्तरेचा दरवाजा बावीस मिनिटं एकट्याने लढवला होता. जोडीला नेमलेला रुद्रखड्ग तिसऱ्या मिनिटालाच गायब.

'क्लायंट आला होता,' अविनाशने लिहिलं. अंगठे एकेक करून मागे गेले.

चिडून त्याने स्वतःच्या नावापुढे हिटलरचा फोटो लावला. खाली ओळ, 'असा शिस्तीचा माणूस पायजे.'

या वेळी मात्र बाईंनी तक्रार नोंदवली नाही. त्यांनी टोळीच्या यादीतून त्याचा नंबर काढून फोनच केला.

"अविनाश, मी ज्यू आहे."

"पण मॅडम, तुमी तर आवासकर."

"मग? तू गव्हाणचा, तसे आम्ही आवासचे. हिटलरच्या राज्यात मला जिवंत ठेवलं नसतं."

"मला वाटलं, तो नुसता कडक होता."

"कडक मीही आहे. हवा तर माझा फोटो लाव."

त्याने खरंच लावला. बाईंच्या प्रोफाइलवरचा, निवृत्तीच्या समारंभातला, हातात नारळ घेतलेला. संध्याकाळपर्यंत आणखी नऊ जणांनी लावला आणि समोरच्या टोळीला वाटलं, कुठल्या तरी बाईंचा पंथच अंगावर चालून आलाय. तरी नसीमबद्दल लिहिल्याची सात दिवसांची बंदी बाईंनी अविनाशला दिलीच. तक्रार विभागात सवलत नसते.

बंदी संपवून परतल्यावर त्याने नसीमला लिहिलं, 'चुकलं.' नसीमने विचारलं, 'उलव्यात भाड्याने घर मिळेल का? नाव सांगितलं की नाही म्हणतात.'

अविनाश त्याला घरं दाखवायला घेऊन गेला. पहिल्या दोन सोसायट्यांनी नाव विचारलं आणि फ्लॅट गेल्याचं सांगितलं. दोन्ही फ्लॅट गेलेले नाहीत, हे अविनाशला पक्कं ठाऊक होतं, चाव्या त्याच्याच खिशात होत्या. दुसऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी तो इतका भांडला, की नसीमला त्याला हाताला धरून खाली आणावं लागलं. तिसरीकडे जमलं.

येताना स्कूटरवर अविनाश रस्ताभर नसीमला सांगत होता, की गेममध्ये तुला भिंत बांधता येत नाय. मागे बसलेला नसीम फक्त "ब्रेक, ब्रेक" म्हणत होता.