मधुराला पित्त नव्हते

"हिला अँग्झायटी डिसऑर्डर आहे आणि तिला पॅनिक अटॅक येतात," नांदेडच्या डॉक्टरबाईंनी सांगितले. तुमचा काका, म्हणजे मधुराचा बाप, लगेच म्हणाला, "म्हणजे पित्तच ना, मॅडम?"

निखिल, सई, घरच्या ग्रुपवर तुम्हीही हेच वाचले असेल की मधुराला पित्ताचा त्रास होता, आता बरी आहे. ते खोटे आहे. तुम्ही दोघे आता तिच्याच वयाचे आहात, आणि तिकडे कॅनडातही परीक्षा असतात. म्हणून मी, तुमची आजी, खरे काय झाले ते लिहिते. मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

अँग्झायटी म्हणजे नुसती काळजी नव्हे. काळजी पेपर संपला की जाते. ही जात नाही, पोटात आणि झोपेत घर करते. पॅनिक अटॅक म्हणजे तिचा झटका. छाती धडधडते, हात बधिर होतात, आता आपण मरणार असे वाटते, आणि थोड्या वेळाने ते ओसरते. माणूस मरत नाही. पण त्या क्षणी हे सांगून पटत नाही.

अकरावीला मधुराला मेडिकलच्या क्लाससाठी लातूरला ठेवले. काकाचे देगलूरला कापडाचे दुकान, म्हणून काकू तिथे खोली करून तिच्यासोबत राहिली. त्या इमारतीत प्रत्येक खोलीत एक आई आणि एक होऊ घातलेला डॉक्टर. रविवारी टेस्ट, सोमवारी आयांच्या फोनवर निकाल, मग मार्कांप्रमाणे बाक. चढलेले पुढे, घसरलेले मागे. ज्या खोलीतले मार्क वाढले, तिथली आई शिरा करून दारोदार वाटी द्यायची. ज्यांचे घसरले त्यांनी वाटी घ्यायची, हसायचे आणि धुऊन परत करायची. याला तिथे शेजारधर्म म्हणतात.

दिवाळीनंतर मधुराला उलट्या सुरू झाल्या. तिखट बंद झाले, मग तूपही. सोनोग्राफी झाली. एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून नळी घालून पोट आतून बघतात. थायरॉइड तपासले, ईसीजी काढला, म्हणजे हृदयाचा आलेख. सगळे नॉर्मल. दर रिपोर्टला काका खूश. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे पोरगी नॉर्मल!

एका टेस्टला तिचा श्वास अडकला आणि ती बाकावरून उतरून खाली जमिनीवर बसली. क्लासच्या सरांनी काकूला फोन केला, "घेऊन जा हिला. बाकीचे डिस्टर्ब होऊन राहिलेत."

मी नांदेडहून लातूरला गेले. खोलीत पिशवी ठेवते न ठेवते तोच शेजारीण शिऱ्याची वाटी घेऊन दारात उभी.

"लई नाजूक हाय हो आजी तुमची नात. आमचा सोन्या ताप अंगावर काढतो, पण टेस्ट सोडत न्हाई."

मधुराने वाटीकडे पाहिले आणि ती न्हाणीत पळाली. मी वाटी परत दिली. "तुमच्या सोन्यालाच घाला. तापातून उठल्यावर लागेल."

काकू हळूच म्हणाली, "आई, कुठं रवा भाजायचा वास सुटला की हिला असंच होतं. दर सोमवारी. म्हणून तर तूप बंद केलं."

तूप बंद केले! टेस्ट बंद करावी असे कुणाच्या डोक्यात आले नाही. मी दोघींना नांदेडला आणले.

मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी हा शिऱ्याचा प्रकार नीट ऐकून घेतला. देगलूरहून आलेला काका तेव्हा फोन आला म्हणून बाहेर गेला होता. बाईंनी मधुराला सरळ विचारले, "जीव नकोसा वाटतो का?"

"कधी कधी."

"काही करायचं ठरवलं आहेस?"

"न्हाई. फक्त सोमवार उजाडू नये वाटतं."

बाई म्हणाल्या, "विचारल्याने हा विचार डोक्यात येत नाही. असला तर बाहेर येतो." हे वाढले तर त्याच क्षणी फोन करायचा आणि गोळ्या मोठ्यांनी आपल्या हातात ठेवायच्या, असेही त्यांनी बजावले.

उपचार दोन होते. गोळ्या हळूहळू, काही आठवड्यांनी लागू पडतात. त्या झोपेच्या नाहीत, पण मनाने एकदम थांबवायच्या नसतात. दुसरा सीबीटी, म्हणजे बोलून केलेला उपचार. ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ थोडे थोडे जायचे आणि भीती ओसरेपर्यंत तिथे थांबायचे.

मधुरा जेवू लागली होती. तेवढ्यात काकाने क्लासच्या सरांना गोळ्यांबद्दल विचारले. सर म्हणाले, गोळ्या खाऊन सीट लागत नाही. काकाने गोळ्या बंद केल्या आणि पोरीला परत लातूरला नेले. काकूने 'सोमवार'ची गोष्ट सांगितली, तर म्हणे, "वयाचं असतंय."

थोड्याच दिवसांत तिला गरगरायला लागले, झोप गेली, आणि क्लासच्या जिन्यात पहिल्यापेक्षा मोठा झटका आला. मी पुन्हा लातूर गाठले. काकाही आला होता.

"लोक येडी म्हणतील तिला, आई. उद्या सोयरीक जमवताना?"

"म्हणू देत. शिरा देतात तसं हेही देतील. तू हसून घे."

"तुला गंमत वाटून राहिली? वर्ष वाया जाईल!"

कोपऱ्यात बसलेली मधुरा म्हणाली, "पप्पा, मला सोमवार नको असतो."

"मग रविवारीच देगलूरला येत जा की."

"तसं न्हाई, पप्पा. उजाडूच नये वाटतं. मी नसावं वाटतं."

काका उंबऱ्यावर बसला. मग उठला आणि गादी गुंडाळू लागला. शेजारणीने दार किलकिले करून विचारले, "चालले का?" "हाव," तो म्हणाला, आणि सिलिंडर स्वतःच खाली नेला.

आता मधुरा माझ्याकडे नांदेडला आहे, साध्या कॉलेजात बारावीला. गोळ्या चालू आहेत. झटका अजूनही कधी येतो, पण तिला तो ओळखू येतो. ती डॉक्टर होईल की नाही, मला ठाऊक नाही आणि मी विचारतही नाही. डॉक्टरबाईंचे आभार मानते. त्या क्लासला आणि त्या इमारतीला मात्र मी माफ केलेले नाही. तुम्हाला असे काही झाले, तर पोट दुखते म्हणू नका. काय होते ते सांगा. घरातल्या एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. मला सांगा.

परवा सोमवारी मी मुद्दाम रवा भाजला. तिच्या उपचारातली ही पायरी तिनेच निवडली होती. वास आला तशी ती आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. शिकवल्याप्रमाणे लांब श्वास सोडत राहिली.

"कोणाचे मार्क आले, आजी?"

"कोणाचे नाहीत. रवा होता घरात."

तिने वाटी घेतली. "साखर कमी आहे," म्हणाली, आणि संपवली.

वाटी न धुता तशीच ओट्यावर ठेवून गेली. मी तिला हाक मारली नाही.